ड्रमला वास का येतो आणि कामाच्या पाळीला कुणी का येत नाही

या वेळी आलेल्या पत्रांचे आपोआप दोन गठ्ठे झाले. एकात खत, वीज, झाडं, दुसऱ्यात माणसं. खताबद्दल विचारणाऱ्यांची खरी अडचण बहुतेकदा शेजाऱ्यांशी असते, आणि शेजाऱ्यांबद्दल विचारणाऱ्यांची कामाच्या मांडणीशी. म्हणून गठ्ठे वेगळे न ठेवता उत्तरं एकत्रच देते आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या इमारतीच्या मागे तीन-चार घरांनी मिळून ओल्या कचऱ्याचे दोन ड्रम सुरू केले. सुरुवात छान झाली. आता वास येतो, खालून काळं पाणी गळतं, चिलटं फिरतात. तळमजल्यावरच्या कुटुंबाने तक्रार केली आहे आणि पुढच्या बैठकीत ड्रम हटवायचा ठराव येणार आहे. काय करू?

बैठकीची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच तळमजल्यावर जा आणि त्यांच्या खिडकीपाशी थोडा वेळ बसा. त्यांची तक्रार खरी आहे. ड्रम तुमचा असला तरी वास त्यांच्या घरात येतो. तिथे पर्यावरणाबद्दल एक शब्द बोलू नका. ‘वास घालवणं आमच्याकडे लागलं. पंधरा दिवसांत गेला नाही, तर ड्रम आम्हीच हलवू. आणि गेला की नाही, हे तुम्ही सांगायचं’ एवढंच म्हणा. ज्याला त्रास होतो त्याच्याच हाती निवाडा दिला की बोलण्याचा सूर बदलतो. हे मी माझ्या वसाहतीत पाहिलं आहे. सगळ्यात कडक तक्रार करणाऱ्या काकू आज आमच्याकडे झाकण नीट लागलंय का, यावर लक्ष ठेवतात.

आता ड्रमकडे वळू. वास दोन प्रकारचा असतो आणि नाकाला तो वेगळा ओळखता आला पाहिजे. झोंबणारा, डोळे चुरचुरवणारा वास अमोनियाचा. म्हणजे ओला, हिरवा माल जास्त झाला. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आत हवा पोचत नाही. तुमचं काळं पाणी गळतंय, त्यावरून दुसरा प्रकार नक्की आहे, कदाचित दोन्ही असतील.

कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन लागतो तो शक्तीसाठी आणि नायट्रोजन लागतो तो स्वतःची वाढ करायला. कार्बन साधारण 25 ते 30 भाग आणि नायट्रोजन 1 भाग, असं मिश्रण त्यांना मानवतं. भाज्या-फळांच्या सालांत कार्बन यापेक्षा कमी पडतो, वाळलेल्या पानांत तो भरपूर असतो. त्यासाठी वजनकाटा काढायची गरज नाही. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन ते तीन बादल्या वाळका पालापाचोळा, हा अंदाज पुरतो. पान पोकळ बसतं, म्हणून बादल्या जास्त लागतात. पानं नसतील तर लाकडाचा भुसा, बिनछपाईचा पुठ्ठा फाडून, असं काहीही वाळकं चालेल.

उद्या सकाळी दोन्ही ड्रम रिकामे करा. जाड कापड किंवा ताडपत्रीवर माल पसरा, चिकटलेले गोळे फोडा, भरपूर पाचोळा मिसळा. मग मूठभर हातात घेऊन घट्ट दाबा. बोटांमधून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. तळाला काड्या-फांद्यांचा वीतभर थर देऊन मग पुन्हा भरा. ड्रमच्या बाजूंना भोकं नसतील तर पाडून घ्या आणि आतून जाळी लावा. यापुढे कचरा टाकणाऱ्या प्रत्येकाने वरून पाचोळ्याचं पांघरूण घातल्याशिवाय झाकण लावायचं नाही. चिलटं उघड्या सालांवर अंडी घालतात. साल दिसेनाशी झाली की ती हळूहळू आटतात. आठवड्यातून एक-दोनदा माल खालवर करा.

दोन ड्रम असतील तर एक भरायचा आणि दुसरा बंद ठेवायचा. दोन्हींत रोज थोडं थोडं टाकत राहिलात तर खत कधीच तयार होणार नाही. बंद केलेल्या ड्रमवर खडूने तारीख लिहा. आणखी एक सांगायला हवं. साधारण एक घनमीटरचा ढीग असेल तर आतली ऊब टिकते, तापमान 55 ते 65 अंशांवर जातं आणि तणाचं बी, रोगजंतू बहुतेक मरतात. लहान ड्रममध्ये एवढी उष्णता टिकत नाही. त्यामुळे रोगट झाडांची छाटणी आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा त्यात अजिबात नको. खूप तेलकट शिजवलेलं अन्नही सध्या बंद ठेवा.

हा खटाटोप का करायचा, हे बैठकीत कुणी विचारलंच तर तुमच्याच ड्रमचं उदाहरण द्या. हवा न मिळाल्यामुळे तो बिघडला. कचराभूमीत गाडलेलं अन्न याच रीतीने, हवेशिवाय कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो. आणि मुळात अन्न कमी वाया जावं, हे खतापेक्षाही महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 साली जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातला 60 टक्के वाटा घरांमधला होता. ड्रममध्ये साली, देठं दिसली तर ठीक. सबंध फळं, भाज्या दिसू लागल्या तर काम ड्रमपाशी नाही, स्वयंपाकघरात आहे.

प्रश्न : प्लास्टिकच्या पिशव्या वापरायच्या नाहीत असं ठरवल्यापासून घरात कापडी पिशव्यांचा ढीग झाला आहे. प्रत्येक कार्यक्रमात एक मिळते. हे योग्य चाललं आहे ना?

पिशवी योग्य आहे, ढीग योग्य नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 साली पिशव्यांच्या निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला होता. हवामानावरचा परिणाम तेवढाच पाहिला तर साधी सुती पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येण्यासाठी किमान 52 वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोनचा थर वगैरे सगळे निकष धरले तर हा आकडा 7,100 वर जातो. या हिशेबात उघड्यावर पडून नाल्यात, समुद्रात जाणारं प्लास्टिक धरलेलं नव्हतं, त्यामुळे प्लास्टिक बरं, असा अर्थ काढू नका. कापूस पिकवायला पाणी, जमीन आणि मेहनत फार लागते, एवढं त्यातून घ्या. घरातल्या दोन-तीन पिशव्या फाटेपर्यंत वापरा, फाटल्या की शिवा. कार्यक्रमात पुढची मिळाली की नम्रपणे परत करा. तुम्हीच कार्यक्रम करणार असाल तर पिशव्या छापूच नका.

प्रश्न : आमच्या वसाहतीत वर्गीकरण, खत, बाग, जुन्या कपड्यांचं संकलन हे सगळं मी सुरू केलं. लोक कौतुक करतात, फोटो काढतात, पण काम मलाच करावं लागतं. मागे मी आजारी पडले तर सगळं ठप्प झालं. लोकांना जाणीवच नाही. मी सोडून द्यावं का?

सोडू नका, पण असंच चालूही ठेवू नका. तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, कारण अशी पत्रं मला सतत येतात आणि ती बहुतेक सगळी बायकांची असतात.

जाणीव नाही, हे तुमचं निदान मला पटत नाही. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस नावाच्या गावी संशोधकांनी घरांच्या दारांवर वीज वाचवण्याचे संदेश लावले. काहींवर पर्यावरणाचं कारण होतं, काहींवर पैसे वाचण्याचं, काहींवर पुढच्या पिढ्यांचं, आणि काहींवर एवढंच लिहिलं होतं की तुमचे बहुतेक शेजारी वीज वाचवताहेत. 2008 साली निकाल प्रसिद्ध झाला. शेजाऱ्यांबद्दलच्या संदेशाने वीज सर्वांत जास्त वाचली. लोकांना विचारलं तेव्हा मात्र शेजारी काय करतात याचा आपल्यावर सर्वांत कमी परिणाम होतो, असं ते म्हणाले. माणसं व्याख्यानाने हलत नाहीत. दाराबाहेर आपल्यासारखीच माणसं काय करताना दिसतात, त्याने हलतात. आणि तुमच्या वसाहतीत त्यांना काय दिसतं? एकटी तुम्ही. ‘हे त्यांचं काम आहे’ असंच त्यातून समजतं.

म्हणून पहिलं काम, किल्ली द्या. अवजारांच्या खोलीची, नळाची, ड्रमच्या कुलपाची, ज्या काही किल्ल्या तुमच्याकडेच असतील त्या आणखी दोन घरांत ठेवा. वही भिंतीला अडकवा. तुमच्या डोक्यात जे आहे (पाचोळा कुठून येतो, भंगारवाल्याला कधी बोलवायचं, पाइप कुठे गळतो) ते सगळं तिच्या पहिल्या पानावर लिहा. तुम्ही नसताना एखादा अनोळखी माणूस ती वाचून काम करू शकला पाहिजे.

दुसरं, ‘मदत करा’ असं मोघम आवाहन बंद करा. काम फोडा. दहा मिनिटांत होईल एवढा एकेक तुकडा करा आणि एकेका माणसाकडे जाऊन विचारा. ‘गुरुवारी सकाळी ड्रम खालवर कराल का?’ याला माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो. ‘चळवळीत सामील व्हा’ याला कुणी काय उत्तर देणार? आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरचे एक काका एकाही बैठकीला आले नाहीत, पण झाकणाची बिजागरी निखळली की न सांगता बसवून जातात. ते त्यांचं काम आहे आणि सगळ्यांना ते माहीत आहे. अशा माणसाला बैठकीत ओढू नये.

तिसरं, नियम तुम्ही लिहू नका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सामायिक कुरणं, पाटाचं पाणी, जंगलं लोक शतकानुशतकं कशी टिकवतात, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. सरकारी दंडुका किंवा खासगी मालकी यांवाचून सामायिक गोष्ट नासतेच, हा समज त्यांनी खोडून काढला. स्वित्झर्लंडमधल्या तोर्बेल या डोंगरी गावात 1517 सालचा एक नियम होता: हिवाळ्यात जेवढ्या गायी तुम्ही स्वतः पोसू शकता, तेवढ्याच उन्हाळ्यात वरच्या सामायिक कुरणात न्यायच्या. मला हा नियम फार आवडतो. तो तपासायला अधिकारी लागत नाही. गोठ्यात गायी किती, हे सगळ्या गावाला दिसतं.

ऑस्ट्रॉम यांना टिकाऊ व्यवस्थांमध्ये वारंवार आढळलेल्या गोष्टी तुमच्या वसाहतीलाही लागू पडतात. कोण आत, कोण बाहेर हे स्पष्ट असावं. वापरणाऱ्यांनीच नियम ठरवावेत. देखरेख आपापसातल्याच माणसांची असावी. चुकणाऱ्याला आधी सौम्य आणि मग चढती समज द्यावी, थेट दंड नको. भांडण लवकर आणि कमी खर्चात मिटेल अशी जागा असावी. मला यातला चढत्या समजेचा भाग सर्वांत जास्त उपयोगी पडला. कचरा मिसळून देणाऱ्या घराचं नाव पहिल्याच दिवशी फलकावर लावलं की ते घर कायमचं शत्रू होतं. आधी दारावर जाऊन विचारा, अडचण काय आहे. पुष्कळदा घरात दुसरा डबा ठेवायला जागा नसते किंवा कामाला येणाऱ्या बाईंना कुणी सांगितलेलंच नसतं.

शेवटचं आणि अवघड. चारपैकी एक उपक्रम महिनाभर हात न लावता सोडा. आधी तसं सगळ्यांना सांगा. तो कुणी उचलला नाही तर तो उपक्रम वसाहतीला नको होता, तुम्हाला हवा होता. तो बंद पडू द्या. ज्याला माणसं लाभली आहेत ते चालवा. तुमची तब्येत सांभाळा, ताई. हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

प्रश्न : मी पंधरा वर्षांचा आहे. घरात दिवे, पंखे चालू राहतात. मी बंद करत फिरतो तर आई-बाबा म्हणतात, तुझ्या एकट्याने काय फरक पडणार. त्यांना कसं पटवू?

पटवू नकोस, मोज. रोज रात्री एकाच वेळी मीटरवरचा आकडा वहीत लिही आणि शेजारी त्या दिवशी काय काय चाललं ते लिही. दोन-तीन आठवड्यांत तुला कळेल की दिव्यांमागे धावण्यात तुझी शक्ती वाया जाते आहे. जुन्या 60 वॉटच्या बल्बएवढा उजेड आज साधारण 9 वॉटचा एलईडी देतो. वीज खरी जाते ती गरम करण्यात आणि थंड करण्यात. हे गणित करून बघ: 100 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला जवळपास 2.9 युनिट लागतात. तेवढ्या विजेत तो 9 वॉटचा दिवा रात्रंदिवस तेरा दिवस चालेल.

म्हणजे अंघोळीचं पाणी थोडं कमी आणि थोडं कोमट घेणं, पाणी तापवायच्या टाकीचं बटण वेळेवर बंद करणं, फ्रिजच्या दाराचं रबर नीट चिकटतंय का बघणं. रबर तपासायला दारात कागद धरून ते बंद कर. कागद सहज निघाला तर गार हवा तिथून जाते आहे. हे काम तू स्वतः अंगावर घे. महिन्याचा आकडा उतरला की वही जेवायला बसताना मध्ये ठेव. वाद घालायची गरज पडणार नाही. उतरला नाही तर तेही प्रामाणिकपणे दाखव आणि बाबांनाच विचार, वीज कुठे जात असेल? मोठ्या माणसांना असा शोध आवडतो.

प्रश्न : आमच्या इमारतीत जवळपास प्रत्येक घरात ड्रिल, शिडी, शिलाई मशीन आहे आणि वर्षातून एकदोनदाच वापरलं जातं. एकत्र वापरायची व्यवस्था करता येईल का? भांडणं होतील अशी भीती वाटते.

करता येते. खरेदीने सुरुवात करू नका. आधी कुणाकडे काय आहे आणि कोण काय द्यायला तयार आहे, याची यादी करा. वस्तू मालकाच्याच घरी राहू दे. शिडीसारखी मोठी वस्तू तेवढी सामायिक जागेत. आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी शिडीलाच असते. नोंदवहीत चार रकाने पुरतात: काय, कुणी नेलं, कधी परत, कशा अवस्थेत. मोडलं तर खर्च कुणाचा, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि लिहून ठेवा. भांडण वस्तू मोडल्याने होत नाही, ते आधी न बोलल्याने होतं.

त्याच्या जोडीला दुरुस्तीचा दिवस ठेवा. मार्टीने पोस्टमा या डच पत्रकार बाईंनी 18 ऑक्टोबर 2009 ला ॲम्स्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. आज जगात असे हजारो चालतात. बिघडलेली वस्तू ठेवून निघून जायचं नाही, दुरुस्त करणाऱ्याशेजारी बसायचं, यावरच सगळं उभं आहे. तुम्हीही तेवढा एक नियम सोडू नका. बऱ्याच वस्तूंचा बिघाड वायर, बटण, फ्यूज किंवा साचलेल्या धुळीत असतो आणि पाहणारा पुढच्या वेळी तो स्वतः शोधतो. एक सावधगिरी: मायक्रोवेव्ह मात्र कुणालाही उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या भागात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. तो प्रशिक्षित माणसाकडेच जाऊ दे.

प्रश्न : वसाहतीच्या कोपऱ्यात मोकळी जागा आहे. तिथे दाट जंगल लावायचा विचार आहे. किती झाडं लावावीत?

किती लावावीत, याआधी दोन प्रश्न. पहिला, पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि तण कोण बघणार? जपानी वनस्पतितज्ज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत एका चौरस मीटरला साधारण तीन ते पाच रोपं लावतात. तीही त्या जागेच्या नैसर्गिक जंगलातली, उंच, मध्यम, झुडपं अशी मिश्र. ही पद्धत जागा उभारी धरेपर्यंत काळजी मागते. ती घेणारी नावं कागदावर नसतील तर दाट जंगलाऐवजी दहा झाडं लावा आणि प्रत्येक आळं एकेका घराकडे द्या. आच्छादन जाड घाला, पण खोडाला चिकटवू नका. ओलीने खोड कुजतं.

दुसरा प्रश्न, ती जागा खरंच मोकळी आहे का? गवत, रानफुलं, उघडी माती यांना आपण ओसाड म्हणतो. जगात मधमाश्यांच्या सुमारे 20,000 जाती आहेत, त्यांतल्या बहुसंख्य एकेकट्या राहतात आणि जवळपास 70 टक्के जाती जमिनीत बिळं करून घरटी करतात. पोळं कुठेच दिसत नाही म्हणून मधमाशा नाहीत, असं नसतं. ऊन असलेल्या सकाळी तिथे शांत उभ्या राहा आणि मातीत पेन्सिलीएवढी गोल भोकं दिसतात का, ते बघा. दिसली तर तेवढा तुकडा खणू नका, त्यावर आच्छादनही घालू नका. झाडं उरलेल्या भागात लावा. नकाशा काढाल तेव्हा तो उघडा तुकडा त्यावर नावानिशी दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी साफसफाईच्या उत्साहात कुणीतरी तिथे फरशी बसवेल.